सोनेरी टिप आणि मिस्त्रींचा कान

१९७८ साली, गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी, सकाळी सव्वादहा वाजता सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या आमच्या दाजींच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायची सोनेरी टिप पहिल्यांदा लेथवर चढली. तिसरा शाफ्ट निम्मा व्हायच्या आत तिची धार गेली.

वर्कशॉप लहान होतं. पत्र्याचं छप्पर, तीन लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात ग्राइंडर आणि दाराशी अक्काचं टेबल. अक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर मैंदर्गीचं, म्हणून ती मोजायची ते कानडीत. दाजी माळशिरसकडचे, त्यांच्या तोंडी हाय आणि न्हाय. मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कामावर दुपारी दोनला जायचं असे. सकाळ मोकळी असायची आणि ती मी अक्काकडे काढायचो, कारण माझा नाश्ता तिच्या टेबलावर असे.

मोठा गिअरचा लेथ मिस्त्रींचा. मालकी दाजींची, पण तसं कुणी म्हणत नसे. मिस्त्री साठीला टेकले होते. घरी तेलुगू. वडील आणि दोघे भाऊ मागावर बसले, हे एकटे लोखंडाकडे आले. त्यांनी ग्राइंडरवर धार लावलेलं टूल शेजारच्या वर्कशॉपचे लोक मागून नेत. टूलला धार लावणं हेच टर्नरचं खरं काम, चाक फिरवायला कुणीही चालतो, असं त्यांचं मत होतं आणि ते रोज एकदा तरी सांगत.

त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांचं म्हणणं असं की अजून पिकला नाही, दिवाळीनंतर काढू. तेव्हा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबत. तोवर मिस्त्रींना लेथ दिसत होता, दांडे दिसत होते, टूलची धार तेवढी दिसत नव्हती. मापाची अडचण नव्हती. कॅलिपर ते हाताच्या अंदाजाने लावत आणि मायक्रोमीटरवरचे आकडे अक्का वाचून दाखवी. पण ग्राइंडरवरून येणारी टूलं बिघडायला लागली होती. कोन चुकत होता. याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मिस्त्रीही नाही.

एका यंत्रमाग कारखान्याची पाचशे शाफ्टची ऑर्डर आली होती. त्यांची नवी शेड दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायची होती. शाफ्ट दोन इंच जाडीचा, हातभर लांबीचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होऊन यंत्रं बंद राहतात, म्हणजे माल त्याआधी जायला हवा. दाजींनी मला बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन हिशेब सांगितला. टूलं अशीच येत राहिली तर माल वेळेत जाणार नाही. मग मोठ्या लेथवर दुसरा टर्नर आणावा लागेल आणि मिस्त्रींना दिवाळीपर्यंत घरी बसवावं लागेल.

"एकदा बसवलं की माणूस न्हाय उठत," दाजी म्हणाले.

त्यावर त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे ती टिप. पुण्याहून एक विक्रेता येत असे. त्याने दहा टिपांची डबी आणली. टिप त्रिकोणी, चिंचोक्याहून थोडी मोठी, दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिळून सहा कोपरे, सहा धारा. एक कोपरा झिजला की स्क्रू सैल करून दुसरा फिरवायचा. आत करडा कठीण धातू, वर केसाहून पातळ सोनेरी थर. ग्राइंडरला हात लावायची गरज नाही. दाजींना हवं होतं ते एवढंच. मिस्त्रींच्या डोळ्यांबद्दल एक शब्दही न काढता मिस्त्रींना लेथवर ठेवता येणार होतं.

डबी उघडली तेव्हा शेजारच्या तीन वर्कशॉपची माणसं बघायला आली. टपरीवाल्या मावशींनी विचारलं, हे नाकात घालता येईल का. अक्काने एक टिप उजेडात धरली आणि दाजींना म्हणाली, "लग्नात मला याच्या निम्मंसुद्धा घातलं नव्हतं तुम्ही." मग डबी तिने कपाटात ठेवली, कुंकवाच्या करंड्याशेजारी, आणि किल्ली स्वतःकडे. एकेक टिप मागून घ्यावी लागे. पितृपंधरवड्यात नवी वस्तू वापरायला तिचा विरोध होता. दाजींनी तो ऐकून घेतला.

पहिली टिप लावण्याआधी मिस्त्रींनी खिशातून ऑइलस्टोन काढला आणि धारेवरून दोनदा फिरवला. चाळीस वर्षं ते प्रत्येक टूलवर असाच दगड फिरवत आले होते. बोटांना कळत होतं की धार किंचित बोथट आहे. ती तशीच मुद्दाम ठेवलेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. दगडाने धारेवरचं सोनं गेलं आणि अडीच शाफ्टमध्ये कोपरा गेला.

विक्रेत्याने डबीबरोबर एक इंग्रजी तक्ता दिला होता. तो मी मराठीत करून वाचून दाखवला. दगड लावू नये, असं त्यात होतं. मिस्त्रींनी ते मानलं. तक्त्यातला वेग मात्र त्यांना हसू आणून गेला. त्या हिशेबाने शाफ्ट मिनिटाला आठशे फेरे फिरायला हवा होता. मिस्त्री दीडशेवर चालवत. आठशेवर आपलं टूल निळं पडून मेणासारखं बसेल, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या टूलबद्दल ते खरंच होतं. कंपनीवाले फुगवून सांगतात, असं दाजींचंही मत पडलं.

म्हणून टिपेला जपायचं ठरलं. वेग दीडशेवरून सव्वाशेवर आणला. टूल पुढे सरकण्याचा वेग, म्हणजे फीड, सर्वांत बारीक. शेजारी साबणपाण्याचा डबा. मिस्त्री दर थोड्या वेळाने त्यात हात बुडवून धारेवर पाणी शिंपडत, नव्या सुनेच्या अंगावर अक्षता टाकाव्यात तसं. एका शाफ्टला अर्ध्या तासाहून जास्त लागे. आणि प्रत्येक कोपरा तिसऱ्या, फार तर चौथ्या शाफ्टला जाई.

कोपरा गेल्याचं कळायचं ते शाफ्टवरून. पृष्ठभाग ओरखडलेला, खडबडीत यायचा. टिपेचं काय झालं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. आमच्या दैनिकाच्या ब्लॉक विभागात छायाचित्राचे ठिपके तपासायचं छोटं भिंग होतं. ते मी सकाळपुरतं मागून आणायला लागलो. अक्काच्या जुन्या वहीत एकेक ओळ लिहायची: कोपरा कितवा, सुरू किती वाजता, फेरे किती, पाणी होतं की नाही, शाफ्ट किती, भिंगातून काय दिसलं. बातमी लिहिताना जे विचारायची सवय होती तेच विचारत होतो, फक्त उत्तरं टिप देत होती.

भिंगातून दिसायचं ते असं. सोनेरी थर झिजलेला नसे, उपटलेला असे. धारेवर लोखंडाचा बारीक गोळा चिकटलेला, आणि जिथला गोळा सुटला तिथं सोनं तुकड्यासकट गेलेलं. काही कोपऱ्यांवर शिंपडलेल्या पाण्याने कंगव्याच्या दातांसारख्या बारीक भेगा पडलेल्या. एवढं मी लिहिलं. त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

आठवडा संपला तेव्हा दोन टिपा संपल्या होत्या, तिसरी निम्मी झाली होती आणि शाफ्ट सदतीस झाले होते. अक्काने पितरांना दोष दिला. दाजी टर्नर कुठे मिळेल याची चौकशी करू लागले. ते मिस्त्रींच्या कानावर गेलं असावं, कारण शनिवारी ते जाताना ग्राइंडरपाशी थांबले, चाकावरून हात फिरवला आणि जेवणाचा डबा उचलून गेले.

दुसऱ्या सोमवारी मिस्त्री डोळे दाखवायला सिव्हिलमध्ये गेले. अक्का मैंदर्गीला आईकडे. मोठा लेथ मोकळा होता आणि दाजींना यंत्र मोकळं दिसलं की राहवत नसे. ते चांगले टर्नर नव्हते. स्वतःच सांगत की आपल्याला घाई नडते. साबणपाण्याचा डबा रिकामा होता. तो भरायचा कुणी, म्हणून त्यांनी कोरडंच चालवलं. सव्वाशेवर उभं राहायचा त्यांना कंटाळा आला. फीडचा दांडा त्यांनी दोन खुणा वर घेतला आणि वेगाचा आठशेवर टाकला.

लेथचा आवाज बदलला. आधी तो कुरकुरत असे, आता एकसारखी शीळ. टिपेखालून निघणारा कीस इतके दिवस तुटका आणि पांढरट यायचा. तो आता निळ्या कुरळ्या पट्ट्या होऊन निघाला आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये ढीग झाला. एक शाफ्ट तीन मिनिटांत झाला. आता टिप जाईल म्हणून दाजी थांबले. मी भिंग लावलं. सोनं जागच्या जागी होतं. त्यांनी दुसरा लावला, तिसरा, चौथा. आठव्या शाफ्टनंतर वीज गेली. मी पुन्हा पाहिलं. धारेखाली, सोलापुरी चादरीच्या काठासारखी, सरळ आणि अरुंद करडी पट्टी दिसत होती. गोळा नाही, भेग नाही, उपटलेलं काही नाही.

मग तक्ता परत वाचला. हळू चालवलं की लोखंड धारेला चिकटतं, चिकटलेलं सुटताना थर ओढून नेतं. वेग असला की लोखंड तापून मऊ होतं आणि न चिकटता निसटतं. तो सोनेरी थर त्या उष्णतेसाठीच होता. फार बारीक फीडने धार कापायच्या ऐवजी घासत बसते. आणि तापलेल्या टिपेवर पाणी घालायचं तर सतत धार हवी, शिंपडण्यापेक्षा कोरडं बरं. हे सगळं त्या कागदावर आठवडाभर होतं. मी ते मोठ्याने वाचलंही होतं.

वीज परत आल्यावर दाजींना जोर चढला. त्यांनी वेगाचा दांडा अगदी वर, बाराशेवर नेला. पाचव्या शाफ्टला टिपेचं टोक गोल होऊन लाल झालं. ते त्यांनी मला वहीत लिहायला लावलं आणि अक्काला सांगू नकोस म्हणाले. वही अक्काचीच होती.

आता प्रश्न मिस्त्रींना सांगायचं कसं हा होता. सांगायचं म्हणजे त्यांनी आठवडाभर जपून टिपा मारल्या आणि दाजींनी धसमुसळेपणाने वाचवल्या, असं सांगायचं. भिंग देऊन उपयोग नव्हता, त्यांना त्यातून धुकंच दिसलं असतं. दाजी म्हणाले, तू सांग, तू पेपरवाला. मी म्हणालो, वर्कशॉप तुमचं आहे. मंगळवारी सकाळी अक्का परत आली. तिने वही उघडली, बाराशेची ओळ वाचली, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाली, "झालं समाधान?" मग मिस्त्रींना सांगायची जबाबदारी तिने कुणालाच दिली नाही. कालच्या आठांतला एक शाफ्ट तिने मिस्त्रींच्या लेथवर आडवा ठेवला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

मिस्त्री आले, टोपी खुंटीला लावली, शाफ्ट हाताला लागला. त्यांनी तो उचलला आणि अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं. नख कुठेही अडलं नाही. त्यांनी शाफ्ट फिरवून परत नख ओढलं.

"हा कुणी काढला?"

दाजी ड्रिलमागे काहीतरी शोधत होते.

"मालकांनी," अक्का म्हणाली. "घाईत. आठशेवर. पाणी न घालता."

मिस्त्रींनी शाफ्ट खाली ठेवला. मग त्यांनी स्टूल ओढलं, लेथपासून दोन हातांवर ठेवलं आणि बसले.

"मग मला दाखवा की," ते म्हणाले. "उभे का राहिले?"

दाजींनी लेथ चालू केला. चाळीस वर्षं मुरलेला टर्नर स्टुलावर आणि घाईचा माणूस चाकावर, हे बघायला दारात शेजारचे दोघेतिघे जमले. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. पहिले दोन शाफ्ट त्यांनी नुसते ऐकले. तिसऱ्याला त्यांनी दाजींना विचारलं की हा आवाज असाच राहतो का. राहतो, दाजींनी सांगितलं. चौथा उतरल्यावर मिस्त्री उठले, दाजींच्या खांद्याला हात लावून त्यांना बाजूला केलं आणि दांडा हातात घेतला.

कोपरा आधीच चार शाफ्ट चाललेला होता. मिस्त्री पुढे चालवत राहिले. मोजणी तिघांची तीन भाषांत चालली होती. टेबलाशी अक्का कानडीत, लेथवर मिस्त्री तेलुगूत, आणि दाजी मराठीत, दोघांच्या मागे एक शाफ्ट. मध्ये मी दोनदा भिंग लावलं. काठ थोडा रुंद झाला होता, बाकी ठीक. दहावा झाला, अकरावा झाला. चौदावा शाफ्ट पुरा होताच मिस्त्रींनी लेथ थांबवला.

"पद्नालुगु," ते म्हणाले. "गेला कोपरा."

"हदिनाल्कु," अक्का त्याच वेळी म्हणाली.

दाजींनी शाफ्ट हातात घेतला. तो आधीच्यासारखाच गुळगुळीत होता. कोपरा गेलेला नाही, अजून चार निघतील, असं त्यांचं मत पडलं. मिस्त्री म्हणाले की शीळ फाटली. आम्हा कुणाला फाटलेली ऐकू आली नव्हती. मी टिप काढून उजेडात भिंग लावलं. करडा काठ पहिल्यापेक्षा तिप्पट रुंद झाला होता आणि टोकापाशी त्याने सोन्याच्या आतला धातू उघडा केला होता. आणखी एक शाफ्ट चालवला असता तर टोक तुटलं असतं. मी जे दिसलं ते वाचून दाखवलं.

दाजींना तेवढ्याने पटलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी मिस्त्री थांब म्हणाल्यावर मुद्दाम एक शाफ्ट जास्त काढला. टोक निम्म्या लांबीवर तुटलं आणि शाफ्टवर चर पडला. तो शाफ्ट अक्काने टेबलाशी उभा केला. पुढची काही वर्षं दार अडवायला तोच वापरात होता. त्या दिवसापासून टिपेचा कोपरा कधी बदलायचा हे मिस्त्री ठरवू लागले. मी भिंगाने तपासत राहिलो, कारण वहीत रकाना होता. पुढच्या बारा दिवसांत मिस्त्रींचा कान आणि माझं भिंग यांच्यात एकदाच फरक पडला. तेव्हा मी चुकीचा कोपरा पाहत होतो.

दुसऱ्या टर्नरची चौकशी दाजींनी बंद केली. तसं जाहीर केलं नाही. पण घट बसले त्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना विचारलं, पुढच्या ऑर्डरला कोणत्या टिपा मागवू. मिस्त्री म्हणाले, याच. मग म्हणाले की एक छोटी चूक आहे या टिपेत, हिला धार लावता येत नाही. अक्का म्हणाली, नवऱ्याचंही तसंच असतं. दाजी हसले आणि मिस्त्रीही. दिवसाला चाळीसपर्यंत शाफ्ट निघत होते. निळ्या किसाचे ढीग नेणारा भंगारवाला आठवड्यातून दोनदा येऊ लागला.

पाचशेवा शाफ्ट खंडेनवमीच्या दोन दिवस आधी दुपारी निघाला. त्यावर अक्काने हळदीचं बोट लावलं. माल त्याच दिवशी टेम्पोत भरून गेला.

खंडेनवमीला तिन्ही लेथ धुऊन पुसले, झेंडूची माळ घातली. पाटावर नटबोल्टचे पाने, कॅलिपर, मायक्रोमीटर, हातोडा मांडला. मिस्त्रींनी त्यात त्यांच्या हातची सहा जुनी टूलं ठेवली आणि शेजारी पहिल्या आठवड्यात मेलेल्या दोन सोनेरी टिपा. दाजी म्हणाले, मेलेल्या कशाला. मिस्त्री म्हणाले, शिकवलं कुणी? भटजींनी टिपांवर कुंकू वाहिलं. अक्काने हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, बरोबर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. टपरीवाल्या मावशींना तिने एक संपलेली टिप दिली. मावशींनी ती काळ्या दोऱ्यात ओवून टपरीच्या चौकटीला बांधली.

मिस्त्री दिवाळीपर्यंत रोज कामावर आले. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आणि त्यानंतर ते पाच आठवडे घरी होते. त्या काळात मोठा लेथ दाजींनी चालवला आणि टिपा जास्त लागल्या. वहीत त्याची नोंद आहे.

पौषातल्या एका बुधवारी मिस्त्री जाड भिंगाचा चष्मा लावून परत आले. टोपी खुंटीला लावली. माझ्याकडून ब्लॉक विभागाचं भिंग मागून घेतलं, लेथवरच्या टिपेची धार उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि भिंग परत दिलं. मग ते ग्राइंडरपाशी गेले. जुन्या टूलांतलं एक घेऊन त्याला धार लावली, दगड फिरवला, अक्काच्या टेबलावर ठेवलं. अक्काने अंगठा लावून पाहिला आणि ते टूल कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून कपाट बंद केलं. मिस्त्रींनी सोनेरी टिप परत बसवली, स्क्रू आवळला आणि दांडा आठशेवर घेतला. लेथ नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला.